पूर ओसरल्यावर गाव 'सावरलं' हे मोजायचं कसं?

काठावरचा_गडी

नमस्कार मंडळी. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या एका नदीकाठच्या गावात आमची छोटी संस्था आहे, चार-पाच पोरं-पोरी मिळून काम करतो. गाव २०१९ ला बुडालं, २०२१ ला परत बुडालं, २०२४ ला पाणी वेशीपर्यंत येऊन माघारी गेलं. आता एक कंपनी सीएसआरमधनं, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीतनं, पैसे द्यायला तयार झालीय पण त्यांचं म्हणणं असं की आधी सांगा गाव आत्तापर्यंत किती टक्के रिकव्हर झालंय, आणि ते एका आकड्यात सांगा, कारण साहेबांना प्रेझेंटेशनमध्ये टाकायचंय.

एक्सेल पण त्यांनीच पाठवलंय. रकाने काय तर किती घरं दुरुस्त, किती किट वाटली, किती खात्यांवर पैसे जमा, शाळा सुरू आहे का, रस्ता झाला का. हे सगळं भरलं तर आमचं गाव नव्वद टक्क्यांच्या पुढं जातंय. आणि गावात फिरलं की असं अजिबात वाटत नाही. घरं उभी आहेत, रंग पण दिलाय, पण कुणाच्या गोठ्यात म्हैस नाही, कुणाचा पोरगा इचलकरंजीला लूमवर जायला लागला तो परत शेताकडं फिरकला नाही, कुणी जून लागला की पोतं भरून माळ्यावर ठेवतं आणि झोपत नाही.

तर प्रश्न असा की एखादं गाव आपत्तीतनं किती सावरलं हे मोजायची काही धड पद्धत आहे का? आणि असली तर चार पोरांना झेपेल अशी आहे का?

कट_एक्स्ट्रा

मिसळ इंडेक्स वापर भावा.

चेष्टा वाटेल पण अमेरिकेत असलं खरंच आहे. तिकडं वॅफल हाऊस म्हणून हॉटेलं आहेत, चोवीस तास उघडी असतात आणि वादळ आलं तरी सहसा बंद ठेवत नाहीत. त्यांच्या फेमा या आपत्ती खात्याचा प्रमुख होता क्रेग फ्युगेट, तो वादळ झालं की ही हॉटेलं बघायचा. सगळा मेनू मिळतोय तर हिरवा, अर्धाच मिळतोय तर पिवळा, दारच बंद तर लाल, म्हणजे तिथं आधी पळा.

आपल्यात कट मागेल तेवढा मिळाला तर हिरवा, वाटी मोजून मिळाला तर पिवळा, आणि मिसळवाल्यानं शटरच उघडलं नाही तर एनडीआरएफ बोलवा.

नकाशे_वाचणारा

मिसळ इंडेक्स आवडला, पण तो फक्त पहिल्या आठवड्याचं सांगतो. हॉटेल उघडलं म्हणजे वीज आली, गॅस आला, कामगार पोचला, माल पोचला, एवढंच. २०१९ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं तेव्हा कोल्हापूर शहरात पेट्रोल, भाजी, दूध सगळ्याची बोंब होती, पंपिंग स्टेशनं बुडाली म्हणून गावभर पाणी आणि नळ कोरडे. त्या वेळी हा इंडेक्स लाल झाला असता आणि हायवे सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत हिरवा. शिरोळमधल्या गावांचं दुखणं तेव्हा कुठं सुरू होत होतं.

आता मूळ प्रश्नाकडं. मी प्लॅनिंगमध्ये काम करतो, थोडं वाचलंय त्यावरनं सांगतो.

तुमच्या एक्सेलमध्ये जे रकाने आहेत ते 'आम्ही काय दिलं' याचे आहेत, 'लोकांचं काय झालं' याचे नाहीत, आणि ही गल्लत जगभर होते. जपानमध्ये कोबेला १७ जानेवारी १९९५ ला भूकंप झाला. कोबेचं बंदर तोवर कंटेनरच्या बाबतीत जगात सहाव्या नंबरावर होतं. धक्के पडले, ते दोन-सव्वादोन वर्षांत पूर्ण दुरुस्त केले, म्हणजे तुमच्या एक्सेलमध्ये शंभर टक्के. पण मधल्या काळात जहाजं बुसानला आणि दुसऱ्या बंदरांना जायला लागली होती ती लागलीच, कोबेचा तो नंबर काही परत आला नाही. बांधकाम मोजलं तर सावरलं, धंदा मोजला तर नाही.

दुसरी गल्लत म्हणजे आधीची ताकद आणि नंतरचं सावरणं एकच समजणं. अमेरिकेत सुझन कटर यांच्या गटानं २०१० च्या सुमारास ब्रिक नावाचा एक निर्देशांक काढला, त्यात शिक्षण, उत्पन्न, घरं, विमा, दवाखाने, संस्था असं बरंच काही घेऊन प्रत्येक जिल्ह्याला गुण देतात. त्याचा उपयोग आहे, पण तो आपत्तीच्या आधीची तब्येत सांगतो, प्रत्यक्षात कोण कसं उठलं हे वेगळंच मोजावं लागतं. आणि सरकारांचं म्हणाल तर २०१५ ते २०३० साठी सगळ्या देशांनी मान्य केलेला सेंडाई आराखडा आहे, त्यात सात उद्दिष्टं आहेत, मृत्यू, बाधित लोक, आर्थिक नुकसान, सोयीसुविधांचं नुकसान, मग धोरणं, परदेशी मदत आणि पूर्वसूचना. 'पुन्हा उभारताना आधीपेक्षा चांगलं उभारा' हे त्यात प्राधान्य म्हणून आहे, पण लोक किती सावरले याचं स्वतंत्र उद्दिष्ट त्या सातांत नाही. त्यामुळं कंपनीच्या एक्सेलवर फार चिडू नका, वरपर्यंत तेच आहे.

चांगलं उदाहरण पाहिजे तर न्यू ऑर्लिन्स. कतरिना ऑगस्ट २००५ ला आलं. तिथल्या अभ्यासकांनी एक भारी युक्ती केली, पोस्टाकडनं आकडे घेतले की किती पत्त्यांवर टपाल चालू आहे, आणि त्यावरनं गल्लीगल्लीचा अंदाज बांधला की माणसं परत आली का. वेगळा सर्वे नाही, कुणाला त्रास नाही, आणि आकडे सतत मिळत राहिले. शहराची लोकसंख्या २००० च्या जनगणनेत ४,८४,६७४ होती, २०१० ला ३,४३,८२९. आणि जे परत आले नाहीत त्यात काळ्या लोकांची संख्या खूप मोठी, एक लाखाच्या वर. तेव्हा नुसता एकूण आकडा बघू नका, कोण आलं नाही ते बघा. तुमच्याकडं पोस्टाच्या जागी काय वापरता येईल ते शोधा, गावात कुठली तरी वही अशी असणारच जी पुराच्या आधीपासनं चालू आहे.

सायबर_चौकवाली

वरच्या कोबेच्या मुद्द्याला जोडून. तिथल्या संशोधकांनी एक 'सावरण्याचं कॅलेंडर' बनवलं. लोकांना विचारायचं की अमुक गोष्ट तुम्हाला कधी वाटली, महिना-वर्ष सांगा. नुकसान किती झालंय हे कळलं कधी, राहायचं ठिकाण पक्कं झालं असं वाटलं कधी, रोजचं जगणं जाग्यावर आलं कधी, आणि शेवटी, मी आता आपत्तीग्रस्त नाही असं वाटायला लागलं कधी. मग आलेख काढायचा की किती लोक कुठल्या महिन्यात त्या पायरीवर पोचले. काही लोक दहा वर्षांनी पण 'अजून नाही' म्हणाले.

त्याच्या आधी १९९९ मध्ये कोबेच्या लोकांना एकत्र बसवून विचारलं होतं की तुमच्या मते सावरणं म्हणजे काय. सात गोष्टी निघाल्या: घर, माणसांशी संबंध, परिसर, शरीर-मनाची तब्येत, पुढच्या वेळची तयारी, कमाई आणि सरकारशी असलेलं नातं. सगळ्यात वर घर आणि त्याच्या खालोखाल माणसं. ते साहजिक होतं, कारण तात्पुरती घरं देताना म्हातारी-आजारी माणसं आधी आणि बाकी चिठ्ठ्या टाकून असं केलं, त्यात गल्लीतले शेजारी कुठल्या कुठं फेकले गेले आणि एकटी म्हातारी माणसं खोलीत मरून पडायची, कुणाला पत्ता नसायचा. त्या माणसांना सरकारनं घर दिलेलं होतं बरं का, रकाना भरलेला होता.

मला वाटतं हे कॅलेंडर चार पोरांना झेपेल. प्रश्न थोडे आहेत आणि लोकांना वर्ष नाही आठवलं तरी 'त्या वर्षीच्या जत्रेच्या आधी', 'धाकटीच्या लग्नानंतर' असं सांगतात, त्यावरनं महिना काढता येतो.

पंचनाम्यात_नाव_नाही

ताई, कल्पना चांगली आहे पण आमच्याकडं फसणार. क्लिपबोर्ड घेऊन पोरगं दारात आलं आणि म्हणालं की काकू तुम्हाला आता पूरग्रस्त असल्यासारखं वाटतं का, तर काकू काय सांगणार? नाही वाटत म्हटलं आणि यादीतनं नाव गेलं तर? २०१९ ला शहरात १५ हजार आणि गावाकडं १० हजार सानुग्रह अनुदान होतं, त्यातले ५ हजार रोख, बाकी खात्यावर. त्यावरनं किती भांडणं झाली, घरमालकाचं नाव की भाडेकरूचं, एका घरात दोन चुली असल्या तर कसं. आमचंच नाव पहिल्या यादीत नव्हतं, घर पाण्यात होतं ते सगळ्या गल्लीनं बघितलेलं. तेव्हापासनं कुणीही कागद घेऊन आलं की माणूस रडकं तोंड करूनच बोलतो. त्यात वाईट काही नाही, शिकलोय आम्ही.

आणि उलटं पण असतं. जरा मानानं राहिलेली माणसं कॅम्पमध्ये भात घ्यायला रांगेत उभी राहिली होती ती आठवण त्यांना नको असते, ती म्हणतात आमचं सगळं ठीक आहे. त्यांचं काहीच ठीक नसतं.

दूधसंस्था_सेक्रेटरी

मी एका गावात दूध संस्थेचा सचिव आहे, गावाचं नाव सांगत नाही. वरती साहेबांनी वही शोधा म्हटलंय, ती वही माझ्याकडं हाय.

सकाळ संध्याकाळ कोण किती लिटर दूध घालतो, फॅट किती, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून बाकीचा घन भाग किती, सगळं सभासद नंबरवर. आधी वहीत होतं, आता मशीनवरनं डायरेक्ट कॉम्प्युटरला जातं. दहा दिवसांनी बिल. म्हणजे वर्षाला छत्तीस वेळा गावातल्या प्रत्येक दूधवाल्या घराची कमाई लिहून ठेवलेली हाय, पुराच्या आधीची पण आणि नंतरची पण. कुणाला काय वाटतंय हे विचारायची गरजच नाही.

पण ती वही वाचायची कशी ते सांगतो नाहीतर तुमची फसगत होईल. २०१९ च्या पुरात जनावरं वरच्या गावाला, कुणाच्या पाव्हण्याकडं, कुणी जयसिंगपूरच्या बाजूला नेलेली. संकलन झालं शून्य, गाडीच येत न्हवती तर घालणार कुठं. पाणी उतरल्यावर वैरण न्हाई, होती ती कुजलेली, म्हशी आटल्या. दिवाळीनंतर दूध वाढायला लागलं तर सगळे म्हणाले सुधारलं गाव. अहो पावसाळ्याच्या शेवटाला आणि त्याच्यानंतर म्हशी वितात, थंडीत दूध वाढतंच दरवर्षी, पूर असो नसो. त्यामुळं जानेवारीची ऑगस्टशी तुलना करायचीच नाही, जानेवारीची मागच्या जानेवारीशी करायची.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. आमच्या संस्थेचं एकूण लिटर काही काळानं पहिल्यासारखं झालं. तालुक्याच्या मीटिंगमध्ये मीच ते अभिमानानं सांगितलं. पण घालणारे सभासद कमी झाले ते कमीच राहिले. ज्याच्याकडं सात-आठ जनावरं होती त्यानं आणखी दोन घेतली, आणि ज्या बाईकडं एकच म्हस होती तिची पुरात गेली नाहीतर नंतर वैरण न्हाई म्हणून पडत्या भावात विकली, ती परत आलीच न्हाई काट्यावर. लिटर सांगतंय गाव सावरलं, सभासद नंबर सांगतोय अर्धी गल्ली सावरली न्हाई.

तिसरं बिलाच्या खालची कपात बघायची. पशुखाद्याची उचल, म्हशीसाठी घेतलेलं कर्ज, दवाखान्याला घेतलेला ॲडव्हान्स, ते बिलातनं कापतो आम्ही. एखादा पुराआधी जेवढं दूध घालत होता तेवढंच आज घालतोय पण बिलातलं निम्मं कपातीत जातंय, तर तो सावरला म्हणायचा का? माझ्या मते ज्या दिवशी त्याची पुरातली उचल फिटली तो दिवस धरा.

उसाचं पण सांगतो थोडक्यात. उसाच्या शेंड्यावरनं पाणी जास्त दिवस राहिलं की पोंग्यात म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत गाळ बसतो, पोंगा कुजतो, मग कांड्याला पांगशा म्हणजे बाजूचे फुटवे फुटतात, वजन जातं. तसला ऊस कारखाना उशिरा नेतो. आडसाली लागण म्हणजे सोळा-अठरा महिन्यांचं पीक. आता बघा, जुलै २०२१ ला जो ऊस बुडाला तो आधीच्या पुराचं सोसायटीचं कर्ज फेडायसाठी लावलेला होता. २०१९ ला किती सावरलं म्हणून विचारता तुम्ही, सावरायला दोन पुरांच्या मधी धड दोन पिकं मिळाली न्हाईत.

कुंभार_गल्ली_शाहूपुरी

सेक्रेटरींशी सहमत, हंगाम बघूनच मोजा. आमचा गणपतीचा धंदा. वर्षाच्या सुरुवातीपासनं मूर्ती करायच्या आणि जुलै-ऑगस्टला कारखान्यात सगळा माल तयार, रंग चालू, मंडळांचा ॲडव्हान्स खिशात, नेमकं तेव्हा पंचगंगेचं पाणी आत. २०१९ ला गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती, पाणी उतरलं आणि हातात जेमतेम पंधरा-वीस दिवस. वाळवायचं कुठं आणि रंगवायचं कधी. ते वर्ष संपलं म्हणजे संपलं, ऑक्टोबरात दुकान स्वच्छ करून उघडून बसलो तरी गिऱ्हाईक पुढच्या वर्षीच. आणि पुढचं वर्ष २०२०, कोरोनात मंडळांना चार फुटांची मर्यादा. त्याच्या पुढचं २०२१, परत पाणी. तुमच्या सर्व्हेवाल्यानं डिसेंबर २०१९ ला येऊन बघितलं असतं तर दुकान उघडं, लाईट चालू, टिक.

सोनतळीचा_प्लॉट

कुणीतरी पुनर्वसनाचं काढायला पाहिजे म्हणून मी काढतो. करवीर तालुक्यात चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला प्लॉट दिले. कागदावर पुनर्वसन झालं. आणि दर मोठ्या पुरात टीव्हीवर चिखली-आंबेवाडीतनं बोटीनं माणसं काढतानाचं दृश्य असतंच. का, तर शेत खाली, गोठा खाली, वैरण खाली, पहाटे धार काढायला रोज सोनतळीवरनं कोण येणार. आणि घरात माणसं वाढली तशी काही जण वर राहायला गेले, काही खालीच राहिले. वरचं घर हे पावसाळ्यात जायचं ठिकाण म्हणून खूप कामाला येतं हे पण खरं, त्याला नावं ठेवू नये.

किल्लारीचं बघा, ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप, जागतिक बँकेचा पैसा, ५२ गावं पूर्णच्या पूर्ण नव्या जागी बसवली. घरं भूमिहीनाला आणि लहान शेतकऱ्याला २५० चौरस फूट आणि मोठ्या जमीनदाराला ७५० चौरस फूट. म्हणजे भूकंपानं सगळ्यांना एका पातळीवर आणलेलं, ते परत जाग्यावर बसवलं! 'पूर्वस्थितीला आणणं' हे जर माप धरलं तर हे शंभर टक्के यशस्वी म्हणायला पाहिजे. म्हणून मला ते रिकव्हरी टक्केवारी प्रकरणच पटत नाही, पूर्वी कोण कशा अवस्थेत होतं हे विचारणार की नाही?

कट_एक्स्ट्रा

मी चेष्टेनं सुरुवात केली आणि हे कुठं गेलं राव. एक शंका. २०२१ ला कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५६ फुटांच्या वर गेलं, २०१९ ला ५५ च्या वर होतं, धोका पातळी ४३. म्हणजे २०२१ चा पूर उंचीला जास्तच. तरी आमच्या शुक्रवार पेठेत लोक आधीच सामान वर टाकून, गाड्या काढून तयार होते, ३९ ची इशारा पातळी गाठली तेव्हाच निम्मी गल्ली हलली. मग सावरणं म्हणजे हेच नव्हे का, पुढच्या वेळी किती लवकर हललो?

नकाशे_वाचणारा

ते मोजाच, पण वेगळ्या रकान्यात. तो शहाणपणा आहे, आणि शहाणपणा कर्जात बुडालेल्या माणसाकडं पण असतो. शिवाय लवकर हलायला गाडी लागते, वरच्या मजल्यावरचा ओळखीचा लागतो, त्यामुळं कोण हललं आणि कोण शेवटच्या बोटीत आलं हे पण घराघरानुसार लिहा. आणि एक कटू बोलतो, निळ्या रेषेच्या आत आजही भराव टाकून बांधकामं चालू दिसतात, ती रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची हद्द. गल्ली शहाणी झाली आणि शहर झालं नाही, असं पण मोजणीत निघू शकतं.

बचतगट_अध्यक्षा

सगळे दादालोक बोलून झाले असतील तर एक सांगते. घर कशातनं उभं राहिलं ते विचारा, आणि ते घरातल्या बाईला एकटीला विचारा, सासरा ओट्यावर बसलेला असताना नको. आमच्या गटात पुरानंतर जवळजवळ प्रत्येकीचं सोनं तारण गेलं, काहींचं सुटलं, काहींचं लिलावात गेलं. त्यावर मायक्रोफायनान्सची दोन-दोन हप्त्यांची कर्जं. घराला फरशी बसली, एक्सेलमध्ये ती फरशी दिसणार, गळ्यातली पोत काळ्या मण्यांवर आली ते दिसणार नाही. गटाच्या वहीत ते सगळं आहे, कुणाचा हप्ता कधीपासनं थकला आणि कधी परत नियमित झाला. नावं न घेता वापरा म्हणजे झालं.

आणि सहावी-सातवीनंतर मुली शाळेत आहेत का ते शाळेच्या हजेरीपटावर बघा. 'शाळा सुरू आहे' एवढं लिहून चालणार नाही.

काठावरचा_गडी

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आमच्यात बसून असं ठरवलंय की कंपनीला एकच टक्का द्यायचा नाही. दूध संस्थेची बिलं, बचतगटाची वही, शाळेचा हजेरीपट आणि सोसायटीच्या थकबाकीची यादी, या चारांतनं २०१८ हे मूळ वर्ष धरून घरांचे गट पाडायचे, एक म्हस, जास्त म्हशी, शेत नसलेले, भाड्यानं राहणारे असे, आणि प्रत्येक गटाची रेघ वेगळी काढायची. वरनं सायबर चौकवाल्या ताईंचं कॅलेंडर थोड्याच घरांत, आमच्या ओळखीच्या बायकांकडनं, आणि मदतीच्या यादीशी याचा संबंध नाही हे आधी ग्रामसभेत सांगून. साहेबांना प्रेझेंटेशनला चार रेघा चालत नसतील तर बघू.

सेक्रेटरी साहेब, आमच्या गावच्या संस्थेकडं जुनी बिलं मागायची तर कशी मागू? सरळ गेलो तर देतील का?

दूधसंस्था_सेक्रेटरी

सरळ न्हाई देणार, मी पण दिली नसती. संस्थेच्या नावानं अर्ज करा, संचालक मंडळाच्या मीटिंगला ठेवायला सांगा, सभासदाचं नाव नको फक्त नंबर द्या असं अर्जातच लिहा, म्हणजे चेअरमनला ठराव करायला सोपं जातं. २०१८ चं कॉम्प्युटरवर नसलं तर ऑडिटला दिलेल्या फायलीत असतं, कपाटात वरच्या कप्प्यात ठेवलेलं असलं तरच वाचलेलं असणार, ते आधी विचारून घ्या. आणि एक, अकरा, एकवीस या तारखा सोडून जावा, बिलाची गडबड असते.